गळ्यात हार, पायाशी कुत्रा

ओमानहून परतल्यापासून साताऱ्यात जो तो विचारतो, "काय काय पाहिलंस?" किल्ले पाहिले, खजुराच्या बागा पाहिल्या, समुद्र पाहिला. पण हे सगळं कॅलेंडरावरही असतं. मी जे पाहिलं ते असं: माझे सख्खे मेहुणे वारले म्हणून लोकांनी त्यांचंच सांत्वन केलं, आणि ते त्यांनी पराठ्याबरोबर मुकाट्याने स्वीकारलं. एवढं सांगितलं की समोरचा माझ्या कपाळाला हात लावून बघतो. म्हणून म्हटलं, सगळं लिहूनच काढावं.

मस्कत, अल मवालेह

माझी थोरली बहीण कुमुदताई आणि तिचे यजमान भास्करराव, म्हणजे आमचे भाऊजी, वीसेक वर्षांपासून मस्कतला आहेत. भाऊजी पाण्याचे पंप विकणाऱ्या एका कंपनीत खरेदी खात्याचे मॅनेजर. नवं शतक लागून नुकतंच वर्ष झालेलं. ताईचा फोन आला, "वसू, तू ये. त्यांना सांग, मस्कत बघायला आले."

खरं कारण वेगळं होतं. भाऊजींच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या, डॉक्टरांनी बायपास सांगितली होती, आणि भाऊजी ती टाळत होते. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली बाई हट्टी मुलं वळणावर आणू शकते, असा ताईचा समज.

भाऊजींचं सगळं आयुष्य कोटेशनं मागवण्यात गेलं. तीन ठिकाणचे भाव आल्याशिवाय हा माणूस साधा खिळा घेत नाही. डॉक्टरही त्यांनी तीन गाठले. तिघांनी एकच सांगितलं, तेव्हा म्हणाले, "तिघं आतून मिळालेले दिसतात. चौथा बघू."

मी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ते मला घराजवळच्या भाजीबाजारात घेऊन गेले. आपल्या मंडईच्या मानाने हा बाजार फारच सभ्य. कुणी ओरडत नाही, कुणी "या ताई" म्हणत नाही, कोथिंबीर फुकट मागितली तर विक्रेत्याला अर्थच कळत नाही. टोमॅटो चाचपताना मी विषय काढला.

"भाऊजी, ऑपरेशनचं काय?"

"करायचंय ना. इन्शाल्ला."

ओमानी माणूस इन्शाल्ला म्हणतो तेव्हा तो गोष्ट देवावर सोपवतो. भाऊजी म्हणतात तेव्हा फाईल कपाटात जाते. पुढे आठवडाभर मी त्यांच्यामागे लागले. कधी रागावून, कधी गोडीगुलाबीने, एकदा तर हृदयाची आकृती काढून, रंगवून. आकृती पाहून त्यांनी शेडिंगचं कौतुक केलं आणि घडी करून खिशात ठेवली. ताई रात्रंदिवस त्यांच्या श्वासाकडे कान लावून असायची. ते जिना चढून आले की ही स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवायची, म्हणजे तिला त्यांची धाप ऐकू येऊ नये. बहिणीला असं भ्यालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मलाही भीती वाटत होती.

त्यात भाऊजींच्या निवृत्तीची भेट तयार असल्याचा निरोप आला. भेट निझव्याला होती, त्यांच्या अर्बाबच्या, म्हणजे कंपनीच्या मालकाच्या, घरी. भाऊजींचं तैलचित्र. काढणारा चित्रकार रशियन होता.

निझवा

भाऊजी आणि मी कंपनीचा पिकअप घेऊन निघालो. ताई आली नाही. तिला घरीच थांबून चित्राचं खास पाहुण्यासारखं स्वागत करायचं होतं. निघताना तिने कुंडीतले दोन गुलाब तोडून दिले. "चित्रकाराला दे. कलावंत माणूस आहे."

वाटेवरचे डोंगर पाहून माझ्यातली शिक्षिका अस्वस्थ झाली. मुलांनी डोंगराला हिरवा रंग दिला नाही तर मी मार्क कापायचे. इथे मैलोन्‌मैल एकाही डोंगराला पुरे मार्क मिळाले नसते.

अर्बाब म्हणजे पांढरीशुभ्र दाढी, डोक्याला गुंडाळलेला नक्षीदार मस्सर आणि वागण्यात अगदी घरचा माणूस. त्याच्या बैठकीत जमिनीवर गालिचे, मध्ये खजूर आणि हलव्याचं ताट. वेलचीची कॉफी संपली की नोकर परत ओते. कप हलवून दाखवल्याशिवाय तो थांबत नाही, हे मला भाऊजींनी सांगितलं तेव्हा माझं हृदय त्यांच्यापेक्षा जोरात धडधडत होतं. समोरच्या भिंतीवर अर्बाबचं चित्र होतं. ते पाहून उरलीसुरली कॉफी सांडायची वेळ आली.

चित्रात अर्बाब बर्फात बसला होता. पायघोळ दिशदाशा, कमरेला खंजर, मागे बर्फाने वाकलेली झाडं, कपाळावर डावीकडून आलेला सोनेरी उजेड. पायाशी एक बकरा. पण बकऱ्याची मान राजहंसासारखी लांब, पाय सडपातळ आणि चेहऱ्यावर खानदानी दुःख.

"शूफ," म्हणजे बघ, अर्बाब चित्राकडे बोट दाखवत मला म्हणाला, "बाहर गर्मी, अंदर बरफ. फर्स्ट क्लास!"

मग चित्रकार आला. ग्लेब अर्काद्येविच. धिप्पाड, लाल नाकाचा, अंगात मखमली जाकीट. भाऊजी त्याला ग्लेबसाहेब म्हणायचे. त्याच्या देशात मोठमोठ्या लोकांच्या बायका त्याच्याकडे चित्रासाठी रांग लावायच्या, असं त्याने स्वतःच सांगितलं. त्याच्या शैलीचं सूत्र साधं होतं. माणूस आहे तसा काढायचा नाही. तो पिढीजात सरदार असता तर कसा दिसला असता, तसा काढायचा. त्यासाठी मान वाढवायची, हनुवटी एकच ठेवायची, बोटं भेंडीसारखी लांब करायची, उजेड डावीकडून पाडायचा, छातीवर एखादं मानचिन्ह लटकवायचं आणि पायाशी रशियन शिकारी कुत्रा बसवायचा. अर्बाबने मात्र सांगितलं होतं की कुत्र्याचं चित्र बैठकीत चालणार नाही. म्हणून ग्लेबसाहेबांनी निझव्याच्या गुरांच्या बाजारातून बकरा पसंत करून आणला आणि कुत्र्यावरच रंगवला. मान मात्र कुत्र्याचीच राहिली.

मी मोठ्या अदबीने दोन गुलाब पुढे केले. ग्लेबसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी फुलं घेतली, मला वाकून नमस्कार केला, आणि एक गुलाब उपसून खिडकीतून बाहेर फेकला. दुसरा जाकिटाला लावला. माझ्या बहिणीच्या कुंडीतल्या गुलाबाचा असा अपमान! पण मी पाहुणी पडले.

"नाऊ लुक," म्हणत त्यांनी पडदा सारला.

भाऊजी चित्रात देखणे दिसत होते, यात वादच नाही. मान लांब, पोट गायब, अंगात गडद निळा मखमली कोट. पायाशी पांढरा, लांब तोंडाचा कुत्रा त्यांच्याकडे मान वर करून पाहत होता. आणि गळ्यात चंदनाचा हार होता. दुकानात मिळतो तो, चंदनाच्या सालपटांचा, मध्ये लाल रेशमी गोंडा. एकेक सालपट असं रंगवलेलं की वास यावा. कपाळावर कुंकवाचा टिळा, तोही काचेवर लावल्यासारखा जरा बाजूला सरकलेला. मागे उदबत्तीचा निळसर धूर. आणि खालच्या कोपऱ्यात झिरोचा लाल बल्ब, माणकासारखा लकाकणारा.

मी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी स्वतःकडे पाहत होते.

ग्लेबसाहेब खुशीत सांगू लागले. भारतीय माणसाला कुठलं मानचिन्ह शोभेल याचा त्यांनी म्हणे पुष्कळ अभ्यास केला. निझव्याच्या बाजारात एक हिंदुस्थानी शिंपी आहे. त्याच्या दुकानात एका भारदस्त वृद्धाचा फोटो दिसला. हे कोण, विचारल्यावर शिंपी म्हणाला, माय फादर, व्हेरी बिग मॅन. त्या मोठ्या माणसाला जे जे लावलं होतं, ते ते सगळं त्यांनी भाऊजींना लावलं.

"माशाल्ला!" अर्बाबने हार निरखून मान डोलावली. "इंडिया का बहुत बड़ा मेडल."

आता त्या भल्या माणसाच्या तोंडावर कसं सांगणार की आमच्यात हे मेडल मिळवायला आधी मरावं लागतं? भाऊजींनी छातीवर हात ठेवला. "शुक्रान, अर्बाब," ते म्हणाले. स्वतःच्या मरणाबद्दल एवढ्या नम्रपणे आभार मानणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

समाइलच्या अलीकडे

रंग ओला होता. वर कापड टाकायचं नाही, उभं ठेवायचं नाही, अशी ग्लेबसाहेबांची सक्त ताकीद. त्यामुळे चित्र पिकअपच्या मागच्या हौद्यात आभाळाकडे तोंड करून आडवं बांधलं. म्हणजे भाऊजी पुढे गाडी चालवत होते आणि मागे निजलेही होते.

पेट्रोल पंपावर टाकी भरणारा आमचाच, बिहारकडचा. नळी लावता लावता त्याची नजर हौद्यात गेली. त्याने डोक्यावरची टोपी काढली. पेट्रोल भरून झाल्यावर तो भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हिम्मत रखिए साहब." भाऊजींनी मान हलवली. करणार काय?

समाइलच्या अलीकडे कुट्टीभाई नावाच्या मल्याळी माणसाचं हॉटेल आहे, हॉटेल म्हणजे चार टेबलं. भाऊजींना भूक लागली होती. आम्ही बसलो. कुट्टीभाई पाण्याचे ग्लास घेऊन आले, दारातून हौद्याकडे पाहिलं, परत आत जाऊन टीव्ही बंद केला, पराठे आणून ठेवले आणि भाऊजींसमोर बसले.

"बड़ा भाई?" त्यांनी हळूच विचारलं. "फेस एकदम सेम है."

मी बोलायला तोंड उघडलं. पण भाऊजी आधीच बोलले. "हां."

"क्या हुआ था?"

"हार्ट."

"ऑपरेशन नहीं किया?"

भाऊजींनी पराठ्याचा तुकडा मोडला. "डॉक्टर ने बोला था. टालता रहा."

"डर गया?"

"हां," भाऊजी म्हणाले. "डर गया."

आठवडाभर मी डोकं फोडलं तेव्हा हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. हॉटेलवाल्यासमोर, मेलेल्या भावाच्या नावाने तो सहज निघाला.

कुट्टीभाईंनी पुन्हा एकदा दाराबाहेर पाहिलं. "अच्छा आदमी दिखता है साब. बुरा मत मानना, लेकिन बेवकूफ था." मग थोडं थांबून, "वाइफ है?"

"है."

"अब उसका क्या होगा?"

उरलेला पराठा ताटात तसाच राहिला. मस्कत येईपर्यंत त्यांनी एकदाही गाडीचा रेडिओ लावला नाही.

पुन्हा अल मवालेह

ताई दारात तबक घेऊन उभी होती. पिकअपच्या हौद्यात डोकावली आणि तबक माझ्या हातात देऊन सरळ आत निघून गेली.

चित्र माझ्या खोलीत ठेवावं लागलं, कारण ताई ते हॉलमध्ये येऊ देईना. मी हरतऱ्हेने समजावलं. रशियन माणूस, त्याला काय ठाऊक, चूक झाली, मी वर रंग देते. हार पुसून उपरणं काढते, बल्बाचं डाळिंब करते.

"पुसलं तरी खाली राहणारच ना?" ताई म्हणाली. "मला माहीत असेल ना, खाली आहे ते?" आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. "मी रोज हेच बघते डोळे मिटले की. हाच हार. हाच बल्ब. त्या माणसाने माझ्या डोक्यातलं काढलंय सगळं. फक्त कुत्रा तेवढा नव्हता."

भाऊजी दारात उभे होते. त्यांनी ऐकलं.

मला काही सुचेना. आणि काही सुचेनासं झालं की मी वाट्टेल ते बोलते. मी म्हटलं, "अगं, हार काय फक्त मेल्यावरच घालतात? एकट्याच्या गळ्यात आहे म्हणून असं वाटतंय. तुमच्या लग्नाच्या फोटोत दोघांच्या गळ्यात हार आहेत, त्याला कुणी मयत म्हणतं का? त्या कुत्र्याच्या जागी तू असतीस तर..."

मी थांबले. बहिणीला कुत्र्याच्या जागी बसवणं शोभत नाही, हे जरा उशिरा लक्षात आलं. पण ताई डोळे पुसत चित्राकडे बघत होती. अंतर मोजल्यासारखं.

"बसते मी," ती म्हणाली. "त्याला सांगा, कुत्रा काढ आणि मला काढ. पण मेलेल्या माणसाशेजारी मी बसणार नाही. आधी ऑपरेशनची तारीख."

"कुमुद, आधी चित्र होऊ दे, मग इन्शाल्ला..."

"इन्शाल्ला नाही. तारीख."

खरेदी खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाने समोरच्या पार्टीचा चेहरा वाचला. घासाघीस होण्यासारखी नव्हती. त्यांनी खिशातून माझी घडी घातलेली हृदयाची आकृती काढली, तिच्या मागे डॉक्टरचा नंबर लिहिलेला होता. पहिल्याच डॉक्टरचा. फोन लावला आणि तारीख घेतली.

निझवा, दुसऱ्यांदा

या खेपेला पिकअपमध्ये ताई पैठणी नेसून खिडकीशी, मी मध्ये, आणि मागे हौद्यात चित्र. मस्कतमधल्याच रुवीच्या फुलवाल्याकडून मोगऱ्याचे दोन हार घेतले होते.

अर्बाब नसताना ग्लेबसाहेबांना गाठून मी माझ्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. एक हार म्हणजे डेड. त्यांनी डोकं धरलं, स्वतःच्या भाषेत स्वतःला बरंच काही सुनावलं, मग एकदम माझ्याकडे बोट रोखलं.

"यू! यू गिव्ह मी टू फ्लॉवर!"

त्यांच्या देशात जिवंत माणसाला फुलं द्यायची तर विषम. एक, तीन, पाच. जोडीने फुलं फक्त मयताला. म्हणजे मी पहिल्याच भेटीत, हसतमुखाने, त्यांच्या हातात त्यांचं मरण ठेवलं होतं. आणि ते बिचारे मला दुखवायला नको म्हणून निमूट एक फूल फेकून जिवंत झाले होते.

"माय कंट्री, वन फ्लॉवर लाइफ, टू फ्लॉवर डेड," ते बोटांवर हिशेब करत म्हणाले. "युवर कंट्री, वन गार्लंड डेड, टू गार्लंड..."

"मॅरेज," मी म्हटलं.

"सेम थिंग," भाऊजी मागून म्हणाले. ताईने मागे वळूनही पाहिलं नाही, पण तिला हसू आलेलं मला दिसलं.

ग्लेबसाहेबांचा नियम, रंगवलेलं पुसायचं नाही, वाढवायचं. त्यांनी भाऊजींच्या चंदनी सालपटांत मोगऱ्याच्या कळ्या घातल्या, धूर तसाच ठेवला, बल्बाची समई केली. आणि कुत्र्यावर ताई उगवू लागली, गळ्यात मोगऱ्याचा दुसरा हार घालून. ताईने आधीच बजावलं होतं, "माझा चष्मा काढायचा नाही, आणि दोन्ही हनुवट्या पाहिजेत." चष्मा मिळाला. हनुवटी एकच मिळाली, त्यावर तडजोड झाली नाही. कुत्र्याचं लांब रेशमी अंग पैठणीच्या पदरात विरघळलं, पण भाऊजींकडे मान वर करून बघणारी ती नजर ग्लेबसाहेबांनी तशीच ठेवली. काठाखालून एक पांढरा पंजा अजून दिसतो. ताई म्हणते, तो माझा पाय आहे.

परतताना पुन्हा कुट्टीभाईंकडे थांबलो. मेलेल्या थोरल्या भावाची गोष्ट मी ताईला वाटेत सांगितलीच होती. रंग पुन्हा ओला, चित्र पुन्हा आभाळाकडे तोंड करून. कुट्टीभाईंनी हौद्यात पाहिलं. मग ताईकडे. मग भाऊजींकडे. मग त्यांचा चेहरा उजळला.

"भाभी से शादी बना लिया?" त्यांनी भाऊजींचे दोन्ही हात धरले. "बहुत अच्छा किया साब! बेचारी अकेली क्या करती?"

मी टेबलाखाली जायच्या बेतात होते. आमची ताई, कधी कुणा परक्याशी पाच शब्दांपेक्षा जास्त न बोलणारी, पदर सावरून शांतपणे म्हणाली, "हां भाईसाब. लेकिन इसका हार्ट भी वैसा ही है. पहलेवाला ऑपरेशन टालते टालते गया. इसको नहीं छोड़ूँगी."

"छोड़ना भी मत!" कुट्टीभाई म्हणाले, आणि लग्नाची म्हणून केळ्याची गरम भजी आणून ठेवली. भाऊजींना तेलकट बंद होतं. नवऱ्या मुलाच्या वाटची मी खाल्ली.

मस्कत, हॉस्पिटल

तो दिवस आला. भाऊजींना आत नेलं तेव्हा ते हसले नाहीत, विनोद केला नाही. ताईला म्हणाले, "चित्र हॉलमध्ये लाव." एवढंच.

हॉस्पिटलं सगळीकडे सारखीच. तीच खुर्ची, तोच फिनेलचा वास, तेच बंद दार. ताई पैठणीच नेसून आली होती. हा कसला हट्ट, म्हणून मी रागावले. ते दार उघडतच नव्हतं.

उघडला तो लिफ्टचा दरवाजा. ग्लेबसाहेब. मखमली जाकीट, लाल नाक, आणि हातात एवढा मोठा गुलाबांचा गुच्छ, की निझव्याहून टॅक्सीत तो पुढे बसला असेल आणि हे मागे. त्यांनी तो ताईच्या मांडीवर ठेवला आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

ताईने गुच्छाची दोरी सोडली. दोन-दोन गुलाब उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवू लागली. ओठ हलत होते. ती मोजत होती.

तेवढ्यात ते बंद दार उघडलं आणि तोंडावरचा मास्क खाली ओढत डॉक्टर बाहेर आले. मी उठून उभी राहिले. ग्लेबसाहेबांनी छातीवर हात ठेवला. डॉक्टर बोलणार, तोच ताईने मान वर न करता हात वर केला.

"थांबा, डॉक्टर."

आणि डॉक्टर खरंच थांबले. पैठणीखाली पंजा दिसत नव्हता, पण चित्रात भाऊजींकडे वर लागलेली ती नजर मी त्या क्षणी खरी पाहिली, फक्त खाली गुलाबांवर खिळलेली. दोन, आणखी दोन, आणखी दोन. शेवटी तिच्या मांडीवर एकच गुलाब उरला. तिने तो घट्ट धरला.

"विषम आहेत," ताई म्हणाली, आणि डॉक्टरांकडे वळली. "हं. आता सांगा."

डॉक्टर हसले.